मतविभाजन

मतविभाजन : संसदेत वा विधिमंडळात एखाद्या प्रस्तावाला अनुकूल कोण आणि प्रतिकूल कोण, याची प्रत्यक्ष मोजणी. निवडणुकीच्या बातम्यांतली ‘मतविभागणी’ निराळी. तिथे एकाच बाजूची मते दोन उमेदवारांत फुटतात.

भारतीय सभागृहांतले बहुतेक निर्णय आवाजी मतदानाने होतात. ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन गलके उठतात आणि पीठासीन अधिकारी कानांच्या भरवशावर कौल सांगतात. लोकसभेत या कौलाला कोणी हरकत घेतली, तर घंटा वाजते, लॉबी मोकळी केली जाते आणि साडेतीन मिनिटांनी प्रश्न पुन्हा मांडला जातो. प्रतोदांची खरी धावपळ याच साडेतीन मिनिटांत होते. मतविभाजनाची मागणी विनाकारण आहे असे अध्यक्षांना वाटले, तर ते सदस्यांना जागेवर उभे करून नुसती डोकी मोजू शकतात. मग नावे नोंदली जात नाहीत.

नावांची नोंद हेच मतविभाजनाचे मर्म. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार पक्षादेश मोडून मत देणारा किंवा गैरहजर राहणारा सदस्य अपात्र ठरू शकतो. गलक्यात कोण काय ओरडले, हे मात्र सिद्ध करता येत नाही. त्यामुळे काठावरच्या सरकारला आवाजी मतदान सोयीचे पडते.

महाराष्ट्रातले गाजलेले उदाहरण १२ नोव्हेंबर २०१४ चे. भाजपचे १२२ आमदार निवडून आले होते आणि २८८ च्या सभागृहात बहुमताचा आकडा होता १४५. देवेंद्र फडणवीस सरकारवरील विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. शिवसेना व काँग्रेसने मतविभाजन मागितले. मागणी वेळेत आली नाही, असे सत्ताधाऱ्यांचे म्हणणे होते. राष्ट्रवादी काँग्रेसने बाहेरून पाठिंबा जाहीर केला होता, पण त्या दिवशी कोण कोणाबरोबर होते याचा आकडा कागदावर आलाच नाही. राज्यसभेत २० सप्टेंबर २०२० रोजी कृषी विधेयकांच्या वेळी पुन्हा असाच वाद झाला. मागणी करणारे सदस्य आपल्या जागेवर नव्हते, असे कारण तेव्हा देण्यात आले. या प्रकरणांत नियमांचा अर्थ लावण्यापेक्षा घाई अधिक दिसते.

लोकसभेच्या जुन्या सभागृहात बाकावरील यंत्रात हिरवे, तांबडे व पिवळे अशी तीन बटणे असत, पिवळे तटस्थांसाठी. दोन घंटानादांच्या दरम्यान मतदान सुरू करण्याचा खटका आणि मताचे बटण दोन्ही एकदम दाबून धरावी लागत. कुणाचा हात आधी सुटे, कुणाचे यंत्र चालत नसे. अशांसाठी कागदी चिठ्ठ्या असत. २२ जुलै २००८ रोजी मनमोहनसिंग सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर फलकाने आधी २५३ विरुद्ध २३२ असा आकडा दाखवला. चिठ्ठ्या धरून निकाल २७५ विरुद्ध २५६ झाला. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले. ओडिशाचे मुख्यमंत्री झालेल्या गिरिधर गमांग यांनी खासदारकी सोडली नव्हती आणि त्यांनी मत दिले. ते मत ग्राह्य की नाही, हे लोकसभेचे अध्यक्ष बालयोगी यांनी गमांग यांच्याच विवेकावर सोडले होते.

महाराष्ट्र विधानसभेत यंत्राऐवजी शिरगणती होते. ३० नोव्हेंबर २०१९ रोजी उद्धव ठाकरे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर सदस्य एकेक करून उभे राहिले, नाव आणि क्रमांक सांगून खाली बसले. सरकारच्या बाजूने १६९, तटस्थ ४, विरोधात शून्य; भाजपने सभात्याग केला होता.