चुलीपासून ओट्यापर्यंत

पारनेर तालुक्यात गेल्या काही वर्षांत घरबांधणीला मोठा वेग आला आहे. सुप्याच्या कारखान्यांत लागलेल्या मुलांची कमाई, मुंबईला पोटापाण्यासाठी गेलेल्या भावंडांची बचत आणि काही ठिकाणी घरकुलाचे अनुदान, यांच्या बळावर दगडमातीची जुनी घरे उतरवली जात आहेत आणि त्यांच्या जागी स्लॅबची घरे उभी राहत आहेत. ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु घर बांधायचे ठरले की घरात ज्या चर्चा होतात, त्या ऐकण्यासारख्या असतात. दर्शनी भाग कसा असावा, पायऱ्या कोणत्या बाजूने घ्याव्यात, बैठकीची खोली किती मोठी करावी, क्रूस आणि पवित्र हृदयाची तसबीर कोणत्या भिंतीवर शोभेल, यावर तासन् तास बोलणे होते. स्वयंपाकघर मात्र उरलेल्या जागेत बसवले जाते. अलीकडे काही घरांत याच्या उलट घडते. शहरातल्या दुकानातले गुळगुळीत रंगीत चित्र आणून ते जसेच्या तसे भिंतीला चिकटवले जाते. दोन्ही ठिकाणी एक प्रश्न विचारायचा राहून जातो : येथे काम कोण करणार आणि ते कसे करणार?

हा प्रश्न आजचा नाही. आपल्या मुलखातील स्वयंपाकघराचा इतिहास पाहिला, तर तो बऱ्याच अंशी या न विचारलेल्या प्रश्नाचाच इतिहास आहे, असे म्हणावे लागते.

धाब्याच्या घरातील चूल

नगर जिल्ह्याच्या या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात घर म्हणजे धाब्याचे घर. जाड भिंती, लाकडी तुळया, त्यांवर काटक्या-फांद्यांचे आच्छादन आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. पाऊस कमी, म्हणून छप्पर सपाट चालून जाई. ऊन कडक, म्हणून भिंतींना खिडक्या नसत. उजेडासाठी आणि धुरासाठी माळवदाला एक भोक ठेवलेले असे, त्याला साणे म्हणत. पाऊस आला की तेही झाकावे लागे. अशा घरात एका बाजूला मातीची चूल, तिच्या शेजारी वैल, भिंतीतल्या कोनाड्यात तेलामिठाची भांडी, कोपऱ्यात गाडग्यांची उतरंड, धान्याची कणगी आणि उंदरामांजरापासून दूधदुभते वाचवण्यासाठी टांगलेले शिंके. चुलीच्या पुढ्यात बसले की काटवट, परात, फुंकणी आणि सरपण, सारे हाताच्या अंतरावर येई. ही मांडणी कोणा तज्ज्ञाने आखलेली नव्हती. पिढ्यान् पिढ्या बायकांनी रोजच्या कामातून ती घडवली होती, आणि म्हणूनच ती सोयीची होती.

पण सोय तेवढीच होती. बाभळीच्या काटक्या, तुराट्या आणि गोवऱ्या यांचा धूर त्या बिनखिडकीच्या खोलीत कोंडून राही. पाहुणे ओसरीवर मोकळ्या हवेत बसत आणि ज्या बाईच्या हातची भाकरी खात, ती डोळे पुसत आत बसलेली असे. पहाटे जात्यावर दळण, मग पाणी, मग सरपण आणि त्यानंतर स्वयंपाक, असा तिचा दिवस होता. जात्यावर बसून तिने ज्या ओव्या रचल्या, त्यांतील एक लाखाहून अधिक ओव्या गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या संग्रहात जमा झाल्या आहेत. आपल्या समाजातील स्त्रीने जात्याशी जेवढे मन मोकळे केले, तेवढे घरातल्या माणसांशी क्वचितच केले असेल.

पाण्याची वाट

स्वयंपाकघराचा विचार भिंतींच्या आत सुरू होत नाही. तो पाणवठ्यापासून सुरू होतो. नगर जिल्ह्यातील आपल्या बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहत होते, हे विसरून चालणार नाही. वरच्या जातींच्या वाड्यात स्वयंपाकघर सोवळ्याच्या नियमांनी बंद होते, आणि गावकुसाबाहेरच्या घरात स्वयंपाकाला लागणारे पाणीच बंद होते. विहिरीच्या कडेला उभे राहून कोणी तरी घागरीत वरून पाणी ओतेल, याची वाट पाहावी लागे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला आणि १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. या घटना आपण सामाजिक हक्कांच्या इतिहासात वाचतो. त्या स्वयंपाकघराच्या इतिहासातही तितक्याच मोठ्या आहेत. चुलीवर ठेवलेल्या पहिल्या तांब्याभर पाण्याचा हक्क तेथे सांगितला गेला.

माणसांनी घातलेली बंधने सैल होत असतानाच निसर्गाचे बंधन घट्ट झाले. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे अजून आपल्या वस्त्यांत आहेत. कणग्या रिकाम्या झाल्या, जनावरे गेली, त्यांच्याबरोबर गोवऱ्याही गेल्या. खडी फोडायला गेलेल्या बाया कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून मुलांसाठी घरी आणत. रेशनवरच्या लाल मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे, तरी ती थापावी लागे. त्या वर्षी पुष्कळ घरांत चूल होती आणि चुलीवर ठेवायला काही नव्हते.

त्या आपत्तीतून या जिल्ह्याने जो धडा घेतला, तो मातीचा आणि पाण्याचा होता. १९७५ मध्ये सैन्यातून निवृत्त होऊन अण्णा हजारे पारनेर तालुक्यातील आपल्या राळेगणसिद्धीस परतले आणि गावकऱ्यांच्या श्रमदानातून तेथे पाणलोटाचे काम उभे राहिले. येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर १९४८ मध्ये स्वित्झर्लंडहून भारतात आले आणि त्यांनी आपले आयुष्य याच कोरडवाहू भागाला वाहिले. १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी ‘वॉटर’ ही पाणलोट विकासाची संस्था स्थापन केली. २०२१ मध्ये ते देवाघरी गेले. डोंगरावर खोदलेला समतल चर आणि घरातील रांजण यांचे नाते या कामाने दाखवून दिले. चरात मुरलेले पाणी विहिरीला आले की बाईच्या डोक्यावरची घागर एक मैल कमी चालते. पाणी आले की चारा येतो, चारा आला की जनावर, आणि जनावर आले की शेण. राळेगणसिद्धीत पुढे गोबरगॅसची संयंत्रे झाली, सार्वजनिक शौचालयांनाही ती जोडली गेली आणि चुलीतला धूर कमी करण्याची एक वाट गावाच्या आतूनच निघाली.

न विचारता केलेल्या सुधारणा

धुराविरुद्धचा लढा त्याही आधी सुरू झाला होता. वर्ध्याच्या मगनवाडीत, महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाच्या वातावरणात ‘मगन चूल’ घडली. १९५३ मध्ये हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तिका लिहिली. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रमच हाती घेतला. २००२ मध्ये तो थांबेपर्यंत देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्याची नोंद झाली. आपल्याकडे ‘निर्धूर चूल’ हा शब्द त्याच काळात घरोघरी पोहोचला.

त्यांतल्या पुष्कळ चुली काही वर्षांतच मोडून पडल्या. उद्देश चांगला होता, विज्ञानही खरे होते. मग अडले कोठे? चुलीचे तोंड आणि घरातले भांडे यांचा मेळ बसेना. धुराड्यात काजळी साचली की ते साफ कोणी करायचे, हे ठरलेले नव्हते. आणि आपल्या भागातली सर्वांत मोठी अडचण भाकरीची. तव्यावरून काढलेली भाकरी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांवर उभी करून शेकली, तरच ती फुगते. बंद तोंडाच्या चुलीत ती उभी कोठे करायची? बाईने मग चुलीचे तोंड फोडून मोठे केले, आणि निर्धूर चूल पुन्हा धुराची झाली. तिला अडाणी म्हणणारे पुष्कळ निघाले. चूल घडवण्याआधी तिला भाकरी कशी शेकतेस असे विचारणारे मात्र थोडे होते.

असाच अनुभव दूर जर्मनीतही आला होता. आज आपण ज्याला मोड्युलर किचन म्हणतो, त्याचे मूळ १९२६ च्या फ्रँकफर्ट शहरात सापडते. पहिल्या महायुद्धानंतर तेथे कामगारांसाठी वसाहती बांधल्या जात होत्या. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद स्त्रीने त्यांच्यासाठी एक स्वयंपाकघर आखले. रुंदी सुमारे सव्वासहा फूट, लांबी सुमारे अकरा फूट. आगगाडीच्या भोजन-डब्यातले आटोपशीर स्वयंपाकघर तिच्या डोळ्यांसमोर होते. कोणत्या कामाला किती पावले पडतात, किती वेळ लागतो, हे मोजून तिने ओटा, मोरी, शेगडी आणि पीठ-साखरेचे खण यांची जागा ठरवली. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली. गृहिणीच्या श्रमांची इतकी कदर वास्तुकलेने क्वचितच केली होती. तरीही त्या घरांत राहायला गेलेल्या बायकांच्या तक्रारी आल्या. त्या खोलीत एकच माणूस मावत असे. मुलांवर नजर ठेवणे अवघड झाले आणि मदतीला कोणी आले तर उभे राहायला जागा नव्हती. पावले वाचली आणि सोबत गेली. ही स्त्री पुढे हिटलरच्या राजवटीविरुद्ध काम केल्यामुळे चार वर्षे तुरुंगात राहिली आणि १९०० पूर्वी जन्मून थेट २००० सालापर्यंत जगली. तिच्या कामाचा मान ठेवूनही हा धडा घेतला पाहिजे की, उत्तम आराखडासुद्धा घरातल्या माणसांना विचारल्याशिवाय पूर्ण होत नाही.

बसलेली बाई उभी राहिली

आपल्याकडे शहरांत स्टोव्ह आणि पुढे गॅस आला, तसा कडप्प्याचा ओटा आला, आणि शतकानुशतके बसून रांधणारी बाई उभी राहिली. हा बदल लहान नाही. ओणवे राहणे कमी झाले, धूर गेला, अन्न जमिनीपासून वर आले. खेड्यात हा बदल उशिरा पोहोचला. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि ७ सप्टेंबर २०१९ रोजी तिची आठ कोटीवी जोडणी आपल्या शेजारच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, देण्यात आली. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलासाठी किमान २५ चौरस मीटर क्षेत्र ठरले आणि त्यात स्वच्छ स्वयंपाकाची जागा धरावी, असे नियमातच आले. सरकारी कागदावर स्वयंपाकघराला स्वतःची जागा मिळणे, ही गरिबाच्या घराच्या इतिहासातली नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

एवढे होऊनही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे मृत्यू पावली. आपल्याकडेही गॅसची टाकी संपली आणि हातात पैसे नसले की घराच्या मागची चूल पेटते. ती चूल केवळ गरिबीमुळे पेटते असेही नाही. चांगल्या बांधलेल्या घरांतूनही मागच्या पडवीत चूल दिसते, कारण भाकरी थापायला ओटा उंच पडतो. बसून काटवटीत पीठ मळताना अंगाचा भार हातावर येतो. छातीपर्यंत आलेल्या ओट्यावर तो येत नाही, खांदे मात्र भरून येतात.

म्हणून नवे घर बांधणाऱ्या कुटुंबांना या इतिहासातून काही साध्या गोष्टी घेता येतील. ओट्याची उंची गवंड्याच्या सवयीने ठरू नये. बत्तीस-चौतीस इंचांचे माप सर्रास धरले जाते. प्रत्यक्षात जी बाई तेथे उभी राहणार, तिच्या कोपराच्या चार ते सहा इंच खाली ओटा असावा, आणि भाकरी-कणकेसाठी त्याहून खालची एक जागा असावी. खिडकी समोरासमोर असावी आणि धूर-वाफ बाहेर जाण्याची वाट छताजवळ ठेवावी. जुन्या साण्यामागचा विचार चुकीचा नव्हता. पाण्याची साठवण स्वयंपाकघराला लागून असावी, कारण पारनेरला पाण्याची शाश्वती नाही. मागे चूल राहणारच असेल, तर ती चोरून न ठेवता पडवीत, धुराड्यासह, उजळ माथ्याने बांधावी. आणि दोन माणसांना एकाच वेळी काम करता येईल एवढी जागा सोडावी. दुसरे माणूस पुरुषही असू शकते.

हे शेवटचे वाक्य काहींना थट्टेचे वाटेल. पण पवित्र शास्त्र उघडून पाहावे. बेथानीच्या घरात स्वयंपाकाच्या धांदलीने त्रासलेल्या मार्थाची तक्रार लूकच्या दहाव्या अध्यायात आहे. आपण प्रवचनांतून मरियेची स्तुती करतो आणि मार्थेला आत पाठवून देतो. प्रभूने मात्र तिची तक्रार ऐकून घेतली, तिला नावाने हाक मारली आणि तिच्या मनावरचा भार ओळखला. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी २९ जुलैच्या स्मरणदिनात मार्थेसह मरिया आणि लाजरस यांनाही एकत्र आणले. बेथानीचे सारे घरच आता एका दिवशी स्मरले जाते. आणि योहानाच्या एकविसाव्या अध्यायात पुनरुत्थित ख्रिस्त सरोवराच्या काठी कोळशांचा विस्तव पेटवून रात्रभर थकलेल्या शिष्यांसाठी मासळी आणि भाकर तयार ठेवतो. ज्याने मरणावर जय मिळवला, त्याला चुलीपुढे बसणे कमीपणाचे वाटले नाही.

आम्हा धर्मगुरूंना नव्या घराच्या आशीर्वादाला बोलावले जाते. पवित्र पाणी बैठकीच्या खोलीपासून शिंपडत आम्ही आत जातो, तोवर घर बांधून झालेले असते आणि ओटा घट्ट बसलेला असतो. आशीर्वादाची खरी वेळ त्याच्या पुष्कळ आधीची आहे. जमिनीवर चुन्याच्या रेषा आखल्या जातात, त्या दिवशी घरातल्या आईला, बायकोला, सुनेला त्या रेषांच्या आत उभे करावे आणि विचारावे : तुझा हात कोठवर पोहोचतो? उजेड कोणीकडून हवा? पाणी कोठे ठेवू? ती जे सांगेल, त्याप्रमाणे रेषा सरकवाव्यात. चुना पुसायला काहीच खर्च येत नाही. भिंत पाडायला येतो.