खण, चौक आणि कामगारांचे शहर

जुन्या मराठी घराचे मोजमाप चौरस फुटांत नव्हे, तर खणांत होत असे. दोन खांबांमधले किंवा दोन तुळयांमधले साधारण पाच-सहा फुटांचे अंतर म्हणजे एक खण, आणि घर किती खणी आहे हे कळले की त्याचा विस्तार, त्याला लागलेले लाकूड आणि बऱ्याच अंशी मालकाची ऐपतही कळत असे. खणाचे माप एकदा ठरले की सुताराला खांब, तुळया आणि कडीपाट, म्हणजे तुळयांवरच्या आडव्या कड्या व त्यांवर बसवलेल्या फळ्या, त्याच मापात घडवता येत, आणि कुटुंब वाढले की जुन्या घराला नवे खण जोडता येत. समान मापाचे भाग जोडून गरजेप्रमाणे वाढणाऱ्या घराला आज ‘मॉड्युलर’ म्हणतात; चिंचवड-चाकणच्या मुलखात कारखाने येण्याच्या कितीतरी आधी ही रीत रुळलेली होती. या खणांना घरपण येई ते मात्र चौकाभोवती, आणि चौकी वाड्याने जे रूप घेतले त्याचा एक धागा सुलतानी काळातील दख्खनकडे जातो.

चाकण हे पुण्याहून जुन्नरकडे जाणाऱ्या वाटेवरचे ठाणे. बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार याने पंधराव्या शतकाच्या मध्यास कोकणच्या मोहिमांसाठी येथे तळ केला होता, आणि १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी शायिस्ताखानाच्या फौजेपुढे लढवलेला संग्रामदुर्ग याच गावचा. त्याआधी, पंधराव्या शतकाच्या अखेरीस, जुन्नर हे निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचे पहिले सत्ताकेंद्र झाले, आणि १४९४ मध्ये त्याने वसवलेल्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, इराणी बागांची परंपरा दख्खनच्या कोरड्या हवेत रुजली. तेथील फराहबागेचा अष्टकोनी महाल तळ्याच्या मधोमध उभारला होता, कारण पाण्यावरून येणारा वारा दालनांत खेळवणे हा या रचनेचा मुख्य हेतू होता. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नळांतून आणले आणि नळातली कोंडलेली हवा सुटावी म्हणून वाटेत मनोरे बांधले. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून पुण्याच्या हौदांपर्यंत पाणी आले तेही याच तत्त्वावर, आणि त्या मार्गावरील मनोऱ्यांना पुणेकरांनी ‘उच्छ्वास’ हे फार सुंदर नाव दिले.

वाड्याच्या भाषेतच या देवाणघेवाणीची नोंद आहे. दिवाणखाना, हौद, तावदान हे शब्द फारसी-अरबी वळणाचे आहेत. महिरप हा शब्द मशिदीतील मिहराबवरून आला. आणि पेशवाई वाड्यांत दिसणारे, मधे फुगीर व वर निमुळते होत जाणारे सुरूचे खांब मोगली स्तंभांचे लाकडी रूप आहेत. तरीही चौक ही इस्लामी स्थापत्याचीच देणगी होती असे म्हणणे चुकीचे ठरेल. मोकळ्या जागेभोवती चारी बाजूंनी खोल्या रचण्याची कल्पना संस्कृत शिल्पग्रंथांतील चतुःशालेत आहे, आणि मध्यवर्ती दालनाभोवती भिक्षूंच्या खोल्या तर जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतही आहेत. सुलतानी परंपरेने या जुन्या चौकाला पाणी, बाग आणि कमान दिली, तर मराठी सुतार-गवंड्यांनी सपाट धाब्याऐवजी कौलारू उतरते छप्पर घालून त्याला मावळच्या पावसाशी जुळवून घेतले. हे जुळवून घेणेच या इतिहासातील सर्वांत मोलाचे काम होय. चौकातली तापलेली हवा वर जाई, तिच्या जागी ओसरीतून थंड हवा येई, दगडी जोत्यावरच्या जाड विटा-मातीच्या भिंती दिवसभर ऊन रोखून धरत, आणि शेजारच्या वाड्याला भिंत लागून असल्याने उन्हाला सामोऱ्या जाणाऱ्या भिंती थोड्याच उरत.

या रचनेवर पहिला मोठा घाव प्लेगच्या काळात बसला. १८९७ मध्ये पुण्यात घरोघर झडत्या घेणाऱ्या अधिकाऱ्यांना वाड्यांच्या आतल्या अंधाऱ्या खोल्या रोगाचे घर वाटल्या; त्याच झडत्यांच्या संतापातून २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडणारे चाफेकर बंधू चिंचवडचे होते, आणि त्यांचा वाडा आज तेथे स्मारक म्हणून उभा आहे. झडत्यांची पद्धत निर्दय होती, पण गर्दीच्या घरांतील अंधार आणि कोंदट हवा यांविषयीची तक्रार मात्र खोटी नव्हती. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने खोलीत पुरेसा उजेड यावा म्हणून समोरच्या इमारतीची उंची ६३.५ अंशांच्या कोनात बसवण्याचा नियम केला. अशा नियमांमागचा विचार पुढे नगररचनेत मुरला आणि इमारतीच्या चारी बाजूंना मोकळी जागा सोडणे सक्तीचे झाले, त्यामुळे पूर्वी घराच्या पोटात असलेले आकाश घराबाहेर, कुंपणाच्या आतल्या अरुंद पट्ट्यांत गेले. भूखंड लहान असेल तर त्या पट्ट्यांतून जागा वाया जाते, वारा मिळत नाही, आणि चौकासाठी काही उरतच नाही.

पिंपरी-चिंचवड वाढले ते याच नियमांच्या चौकटीत. फाळणीनंतर पिंपरीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. ज्या सिंधमधील हैदराबादेत घराघराच्या छपरावर वारा आत ओढणारे ‘मंघ’ असत, त्या प्रांतातील ही माणसे होती, आणि वारा घरात वळवण्याचे ते ज्ञान इथल्या बांधणीत उतरले नाही, ही हानी मोजली गेलेली नाही. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आणि पुढे मोटारींचे कारखाने आल्यावर कामगारांच्या घरांसाठी १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या विभागांना मराठीत ‘पेठ’ म्हटले गेले, परंतु जुन्या पेठेतील एकमेकींना टेकलेल्या भिंती आणि आतले चौक त्या नावाबरोबर आले नाहीत. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात नंतर आलेल्या कामगारांच्या वाट्याला तर बहुधा भाड्याची एकेरी खोलीच आली.

वेगळी वाट शक्य होती, हे दाखवणारी वसाहत महाराष्ट्रातच आहे. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात नवी मुंबईतील बेलापूरला सुमारे सहा हेक्टरांत साडेपाचशे कुटुंबांसाठी घरे आखली. सात घरांच्या गटाला सुमारे आठ मीटर लांबी-रुंदीचा चौक, तीन गट मिळून एकवीस घरांना बारा मीटरांचा चौक, अशी ती चढती जुळणी होती, आणि घर पुढे वाढवता यावे म्हणून शेजाऱ्याशी सामाईक भिंत मुद्दाम टाळली होती. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशी यांच्या इंदूरमधील ‘अरण्य’ वसाहतीत अनेक कुटुंबांना जोते, न्हाणीघर-शौचालय आणि एखादी खोली एवढेच मिळाले, बाकीचे घर त्यांनी सवडीने वाढवायचे होते. या वसाहतीला १९९५ मध्ये आगा खान स्थापत्य पुरस्कार मिळाला, जो मुस्लिम समाजांच्या गरजा आणि आकांक्षा लक्षात घेणाऱ्या स्थापत्याचा गौरव करण्यासाठी सुरू झाला होता. बेलापूरची अनेक मूळ कौलारू घरे आता पाडली गेली असून त्यांच्या जागी सिमेंट-काँक्रीटची मजली घरे उभी राहिली आहेत, परंतु ती ज्या चौकांभोवती उभी आहेत, ते चौक अजून मोकळे आहेत.