बोलणाऱ्यावर विश्वास कोण ठेवतो?

मी उर्दू-मराठीचा शिक्षक. परीक्षेच्या आधी बारावीची काही मुलं इंग्रजीची उजळणी करून घ्यायला आली. फळ्यावर तीन ग्रीक शब्द लिहिले: लोगोस म्हणजे युक्तिवाद, पॅथॉस म्हणजे भावना आणि ईथॉस म्हणजे बोलणाऱ्याची विश्वासार्हता, उर्दूत ज्याला एतबार म्हणतात. ॲरिस्टॉटलने ही विभागणी इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात केली.

एका मुलीने विचारलं, "सर, माणूस खरंच बोलत असेल तर एतबार वेगळा कशाला लागतो?"

उत्तरादाखल मी फ्रेडरिक डग्लस यांची गोष्ट सांगितली.

1818 मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये हा मुलगा गुलाम म्हणून जन्माला आला. बाल्टिमोरमध्ये मालकिणीने त्याला मुळाक्षरं शिकवली, पण मालकाने लगेच ते बंद पाडलं. गुलाम वाचायला शिकला तर गुलाम राहायचा नाही, हे मालकाला ठाऊक होतं. पोराने मग रस्त्यावरच्या गोऱ्या मुलांकडून वाचन शिकून घेतलं आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास पन्नास सेंटला 'द कोलंबियन ऑरेटर' हे पुस्तक विकत घेतलं. ते शाळकरी मुलांना भाषणकला शिकवणारं पाठ्यपुस्तक. त्यात मालक आणि गुलाम यांचा एक संवाद होता. गुलाम मालकाचा एकेक मुद्दा खोडून काढतो आणि शेवटी मालक त्याला मुक्त करतो. फ्रेडरिकने तो पुन्हा पुन्हा वाचला.

3 सप्टेंबर 1838 रोजी तो खलाशाच्या वेशात पळून उत्तरेत आला. 1841 पासून गुलामगिरीविरोधी सभांमध्ये डग्लस बोलू लागले, आणि खरी अडचण तिथे सुरू झाली. ते इतकं चांगलं बोलत की हा माणूस कधी गुलाम होता, यावर लोकांचा विश्वासच बसेना. मित्रांनी सल्ला दिला: तू फक्त घडलेलं सांग, विचार आम्ही मांडू, बोलण्यात थोडी मळ्यावरची भाषाही राहू दे. म्हणजे विश्वास हवा असेल तर अडाणी दिस, आणि शहाणा दिसलास तर खोटा ठरशील.

डग्लस यांनी भाषा बिघडवली नाही. 1845 मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिलं आणि त्यात मालकांची नावं, गावं, सगळं दिलं. एतबार मिळाला, पण मोठी किंमत देऊन. कायद्याने ते अजूनही पळालेले गुलाम होते आणि आता त्यांचा पत्ताच जाहीर झाला होता. त्यांना देश सोडून आयर्लंड-इंग्लंड गाठावं लागलं. 1846 मध्ये तिथल्या मित्रांनी 150 पौंड भरून त्यांची सुटका विकत घेतली, तेव्हा कुठे ते मोकळेपणी परतू शकले.

आता वाक्यरचनेकडे येऊ. 5 जुलै 1852 रोजी रॉचेस्टर शहरात स्वातंत्र्यदिनानिमित्त त्यांना बोलायला बोलावलं होतं. समोर पाचशे-सहाशे श्रोते. सुरुवात नम्रतेची: मला भीती वाटते, मळ्यापासून या व्यासपीठापर्यंतचं अंतर फार मोठं आहे. मग राष्ट्राच्या संस्थापकांची मनापासून स्तुती. श्रोते खुश. पण सर्वनामं पाहा. ते श्रोत्यांना 'सहनागरिक' म्हणतात आणि त्याच वेळी स्वातंत्र्य 'तुमचं', पूर्वज 'तुमचे', सण 'तुमचा' असंच म्हणत जातात. 'आपला' म्हणत नाहीत. मध्यावर ते अचानक वळतात. वाक्यं आखूड होतात, दोन अर्ध्यांत विभागली जातात: एका बाजूला तुम्ही आणि तुमचा आनंद, दुसऱ्या बाजूला मी आणि माझा शोक. मधे जोडणारं 'आणि'सुद्धा नाही. जी दरी सांगायची, तीच वाक्यात दिसते.

मग लोगोस. गुलाम माणूस आहे हे मी सिद्ध करू का, असा प्रश्न ते विचारतात आणि उत्तर कायद्याच्या पुस्तकातून काढतात. व्हर्जिनियात काळ्या माणसाला 72 गुन्ह्यांसाठी फाशी होऊ शकते, गोऱ्याला त्यातल्या फक्त दोनांसाठी. गुन्ह्याची शिक्षा देता म्हणजे तो जबाबदार माणूस आहे हे तुम्हीच मान्य केलंत. दक्षिणेत गुलामाला लिहावाचायला शिकवण्यावर बंदी आहे. जनावराला शिकवू नका असा कायदा कोणी करतं का?

मुलं गप्प झाली होती. मी त्यांना आपल्याकडचा एक धागाही सांगितला. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली, ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. तेही पुस्तक संवादाच्याच रूपात आहे, धोंडीबा विचारतो आणि जोतीराव सांगतात. ज्याला बोलायची मुभा नव्हती त्याला प्रश्न विचारू देणं, ही संवादाची ताकद.

"तुमचं मराठी किती छान आहे हो," असं मला आजही कुणी कुणी म्हणतं. माणूस चांगल्या मनाने म्हणतो, मीही हसून घेतो. पण या वाक्यात, मी असं बोलेन अशी त्याची अपेक्षा नव्हती, एवढं ऐकू येतंच.

त्या मुलीला मी शेवटी इतकंच म्हटलं: खरं बोलणं बोलणाऱ्याच्या हातात असतं, एतबार ऐकणाऱ्याच्या. म्हणून परीक्षेत ईथॉसची व्याख्या लिही, पण सभेत बसशील तेव्हा स्वतःला विचार, मी कुणाचं ऐकायच्या आधीच कुणाला खोटं ठरवलं आहे का?