सह्यांची पोस्टकार्डे
पहिल्या महायुद्धाच्या काळात बर्लिनचा प्रकाशक विली सान्के याने जर्मन लढाऊ वैमानिकांची क्रमांकित छायाचित्र-पोस्टकार्डे काढली, आणि ती जमविण्याचा छंद घरोघर पसरला. त्यांतही वैमानिकाने स्वहस्ते सही केलेले कार्ड म्हणजे मोठेच धन! आजचे संग्राहक प्रथम भिंग घेऊन शाई खरी की छापील हे पाहतात. मोल वाढते ते मात्र सह्या करणारा हात लवकर थांबला असेल तर. हिशेब क्रूर खरा. एर्न्स्ट उडेट १९४१ पर्यंत जगला. ओस्वाल्ड बोल्के मात्र ऑक्टोबर १९१६ मध्ये सहकाऱ्याच्याच विमानाचा धक्का लागून कोसळला, आणि ८० विमाने पाडणारा मान्फ्रेड फोन रिख्टहोफेन एप्रिल १९१८ मध्ये पडला. दोघेही त्या वेळी अवघे २५ वर्षांचे होते.