पेव, कणगी आणि निंबोळी: धान्य राखायची जुनी रीत



ज्वारी घरात आली की पहिला प्रश्न, किड्यापासून राखायची कशी? "कडुनिंबाचा पाला टाका, झालं," असं सगळेच सांगतात. पाला टाकूनही पोत्यात सोंडे होतात, मग माणूस म्हणतो, जुन्यात काही दम नाही. पण पाला हा जुन्या रीतीचा एक तुकडा होता, सगळी रीत नव्हती.

आपल्या ज्वारीच्या मुलखात पेवं होती. पाणी न लागणाऱ्या उंचवट्यावर खोल खड्डा, आतून कडबा लावलेला, धान्य भरलं की तोंड मातीनं बंद. आतला प्राणवायू हळूहळू संपायचा अन् किडा गुदमरायचा. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे, माणसाच्या जिवावर बेतायचं. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची अशीच पेवं होती. 2005 च्या महापुरात त्यांचं मोठं नुकसान झालं.

घरात कणगी असायची, शेणामातीनं लिंपलेली, कुठं फट नाही. धान्य कडक उन्हात वाळवायचं, गार करायचं, मगच भरायचं. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. मग थराथरात वाळलेला पाला नाहीतर गोवरीची राख. राखेनं किड्याची कातडी खरवडते अन् अंगातलं पाणी उडून जातं. तुरीला, मुगाला एरंडेल चोळायचं. तेलानं दाण्यावरची अंडी मरतात.

शास्त्रज्ञांनी हे पुढं तपासलं. 1962 मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत निंबोळीच्या गराचं पाणी पिकावर फवारलं, तर टोळांनी त्या पिकाला तोंड लावलं नाही. 1965 मध्ये तिथल्याच कामातून दिसलं की 100 किलो गव्हाच्या बियाण्यात 1 ते 2 किलो निंबोळीच्या गराची भुकटी मिसळली तर ते कित्येक महिने टिकतं. 1968 मध्ये इंग्लंडमध्ये निंबोळीतून अझाडिरॅक्टिन वेगळं काढलं. ते किड्याची भूक मारतं अन् त्याला नीट कात टाकू देत नाही. पाल्यापेक्षा ते निंबोळीच्या गरात जास्त असतं.

पण त्याच काळात गावोगावी बीएचसी पावडर पोचली. 1997 पासून तिच्यावर बंदी आहे. आता ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या घराघरात दिसतात. ओल लागली की त्यातून फॉस्फीन हा जीवघेणा वायू सुटतो. जाणकाराच्या देखरेखीखालीच वापरायच्या या गोळ्या माणसं झोपायच्या खोलीतल्या कोठीत टाकतात. दोन पोती ज्वारीसाठी घरातला जीव कशाला टांगणीला लावायचा?

म्हणून माझं म्हणणं एवढंच, रीत उचलायची तर पुरती उचला. आधी वाळवण, मग हवाबंद कोठी, अन् शेवटी वनस्पती. निंबोळीची भुकटी बियाण्यासाठी ठेवा, खायच्या धान्याला कडवटपणा येतो. खायच्या ज्वारी-गव्हात वाळलेला पाला चालतो, नंतर चाळून घ्या. कडधान्याला किलोमागं 5 ते 10 मिली खायचं तेल पुरतं. पाऊस सुरू झाला की झाडाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. गोळा करा, गर धुऊन काढा, बिया सावलीत वाळवा.

तुमच्या भागात जुनी माणसं कोठीत काय घालत होती? वेखंड, करंज, निरगुडी, की आणखी काही? खाली लिहा, म्हणजे सगळ्यांना उपयोग होईल.