रद्दबातल : एका जोडशब्दाचे मूळ

एखादा हुकूम वा दस्तऐवज 'रद्दबातल' ठरल्याचे आपण वाचतो, तेव्हा हा शब्द एकच आहे असे समजून पुढे जातो. वस्तुतः तो दोन अरबी शब्दांचा जोड असून फारसी दप्तराच्या वाटेने मराठीत आला आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी असे कित्येक शब्द कचेरीत टिकून राहिले.

'रद्द' याचा मूळ अर्थ परत फिरवणे, नाकारून माघारी धाडणे. जे माघारी धाडावयाचे ते आधी पुढे आलेले असावे लागते. म्हणून रद्द होणारी गोष्ट त्यापूर्वी अमलात असते. (आपल्या घरची 'रद्दी' याच कुळातली.) 'बातल', अरबी बातिल, याचा अर्थ मात्र निष्फळ, पोकळ. हनफी विधिशास्त्रात बातिल व्यवहार तो, जो मुळापासूनच अस्तित्वात आला नाही. नुसत्या दोषयुक्त व्यवहारास तेथे 'फासिद' हा निराळा शब्द आहे.

बातिलचे धातुरूप आपल्या पवित्र शास्त्रातही भेटते, हे धर्मशिक्षकांनी अवश्य लक्षात घ्यावे. एज्राच्या चौथ्या अध्यायातील अरामी मजकुरात यरुशलेमेतील देवाच्या मंदिराचे काम बंद पडले असे सांगताना हाच धातू योजिला आहे. तेथे अर्थ केवळ 'थांबले' एवढाच. दारयावेश राजाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इ.स.पूर्व ५२० मध्ये, ते काम पुन्हा सुरू झाले. काम न करणारे ते बातल, आणि कायद्यात ज्याचा काही परिणाम होत नाही तेही बातल, असा हा अर्थविस्तार दिसतो.

दोन शब्द जोडून बोलण्याची दप्तरी खोड जुनी आहे. ईजिप्तमध्ये सापडलेल्या ग्रीक पपायरसांत करार मोडीत काढताना 'आथेतेसिस' व 'आकुरोसिस' हे शब्द जोडीने येतात. जर्मन पंडित आडोल्फ डाइसमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासकांचे लक्ष या जोडीकडे वेधले. पहिला शब्द इब्री लोकांस पत्राच्या ७:१८ व ९:२६ मध्ये आहे. दोहोंची क्रियापदे प्रेषित पौलाने गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात योजिली आहेत. पहिल्याचा अर्थ बाजूस सारणे, दुसऱ्याचा अधिकार काढून घेणे. दोन्ही शब्द आधीची वैधता गृहीत धरतात. म्हणजे ते आपल्या 'रद्द'च्या जवळचे आहेत, 'बातल'च्या नव्हे. याजकपणाची पूर्वीची आज्ञा बाजूस सारली गेली असे इब्रीकरांस लिहिणारा म्हणतो. ती कधी आज्ञाच नव्हती असे तो म्हणत नाही. इ.स. १४४ च्या सुमारास रोम येथील मंडळीपासून वेगळ्या झालेल्या मार्सियोनने जुना करार सगळाच टाकून दिला. व्यासपीठावरून जुन्या नियमशास्त्राला सरसकट 'रद्दबातल' म्हणणारा उपदेशक नकळत त्याच्याच दिशेने पाऊल टाकतो, असे आम्हांस वाटते.

विवाहाच्या प्रश्नात हाच भेद उलट बाजूने महत्त्वाचा ठरतो. घटस्फोट अधिनियम, १८६९ याच्या कलम १० खाली विवाह विसर्जित होतो, म्हणजे असलेले बंधन सुटते. कलम १८ व १९ खाली मात्र तो शून्य असल्याचे घोषित होते. (गोव्याचा कौटुंबिक कायदा पोर्तुगीज काळापासून निराळा असल्याने तेथील वाचकांनी ही कलमे आपल्याकडे जशीच्या तशी लावू नयेत.) चर्चच्या न्यायाधिकरणाने विवाह शून्य ठरवला तरी तेवढ्याने नागरी कायद्यातील विवाह संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले. तेव्हा चर्चचा निर्णय हाती आला म्हणून पुनर्विवाहाची घाई करणाऱ्यास पाळकाने आधी न्यायालयाची वाट दाखवावी. 'विवाह मुळातच झाला नाही, तर मुलांचे काय?' असे कोणी माता विचारील, तेव्हा तिला कलम २१ दाखवावे. पहिला जोडीदार मृत आहे अशा प्रामाणिक समजुतीने दुसरा विवाह झाला असेल, किंवा वेडेपणाच्या कारणावरून विवाह शून्य ठरला असेल, तर हुकूमनाम्यापूर्वी झालेल्या मुलांची नावे त्यात नमूद केली जातात, आणि विवाहास पात्र असलेल्या जन्मदात्याच्या मालमत्तेत त्यांना औरस संततीप्रमाणे वारसा मिळतो.