मार्ग भूमिती निर्देशांक

भारतीय रेल्वेमार्गाची तब्येत एका आकड्यात सांगणारे मोजमाप. रेल्वेच्या बोलीत ‘टीजीआय’. मोजणीची यंत्रे बसवलेला डबा मार्गावरून धावतो आणि चार गोष्टी टिपतो: रुळांच्या पातळीतले चढउतार, पीळ, दोन रुळांमधले अंतर, म्हणजे गेज (ब्रॉडगेजवर १,६७६ मिलिमीटर) आणि मार्गाची रेषा. नव्या मार्गाशी तुलना करून प्रत्येकाचा निर्देशांक काढतात. बेरजेत मात्र चौघांचे वजन सारखे नाही. दहापैकी सहा भाग एकट्या रेषेचे, दोन पातळीचे, पीळ आणि गेज यांचा प्रत्येकी एक. रेषा बिघडली की धावता डबा आडवे हिसके खातो.

निर्देशांक ८० च्या वर असेल, तर देखभालीची गरज नाही. ५० ते ८० दरम्यान गरजेपुरते काम, ३६ ते ५० दरम्यान नियोजित दुरुस्ती आणि ३६ च्या खाली तातडीची. यातला ‘हात लावू नका’ हा आदेश सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल, कारण खडी ठोकून बसवणाऱ्या टॅम्पिंग यंत्राने दर वेळी थोडी खडी फुटतेच.

पण रुळाच्या पोटातली चीर या आकड्याला दिसत नाही.

इंग्लंडमध्ये हॅटफील्डजवळ १७ ऑक्टोबर २००० रोजी धातूच्या थकव्याने भेगाळलेला रूळ धावत्या गाडीखाली फुटला आणि चौघांचा जीव गेला. भेगा आधीच लक्षात आल्या होत्या. रूळ बदलायचे राहून गेले होते. म्हणूनच श्राव्यातीत लहरींनी होणारी तपासणी आणि सापडलेले दोष दूर व्हायला लागलेला वेळ यांची नोंद वेगळी ठेवावी लागते.